न बसलेल्या गाडीची हुरहूर

तुम्ही विचारलंय ते असं: गेली दोन वर्षं तुम्ही जुन्या अमेरिकन मासिकांतल्या रेल्वेच्या जाहिराती जमवताय, बहुतेक १९३० ते १९५५ या काळातल्या. त्या गाड्यांत तुम्ही कधी बसला नाहीत, बसणं शक्यही नव्हतं, कारण त्यातल्या बऱ्याचशा तुमच्या जन्माआधीच बंद पडल्या. तरीही पान हातात घेतलं की काहीतरी सुटून गेल्यासारखं वाटतं. ही भावना खरी म्हणायची की जाहिरातवाल्यांची हातचलाखी? शिवाय मूळ पान कसं ओळखायचं आणि कसं जपायचं, हेही विचारलंय.

मी सुरुवातीची वर्षं छपाईच्या प्लेटा करण्यात घालवली आणि पुढे जाहिरात संस्थांमध्ये आलो. सगळं मिळून तीसेक वर्षं छापील जाहिरातींचंच काम. रेल्वेची ही पानं मी त्या सगळ्या काळात पाहत आलोय, कधी शिकण्यासाठी आणि पुष्कळदा नुसती पाहायची म्हणून. त्यामुळे उत्तर लांबेल.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. ती हुरहूर तुमच्या आठवणीतून येत नाही, ती पानातच आहे. चित्रकारानं आणि मजकूर लिहिणाऱ्यानं ती तिथं मुद्दाम घातली, आणि तेव्हा नवं कोरं मासिक उघडणाऱ्या माणसालाही ती तशीच लागली असणार.

आता एक करून पाहा. तुमच्या संग्रहातली १९३० च्या दशकातली पाचसहा चित्रं टेबलावर मांडा आणि प्रत्येकात तुम्ही स्वतः कुठे उभे आहात ते शोधा. गाडी कुठे आहे ते सोडा. न्यूयॉर्क सेंट्रल कंपनीसाठी लेस्ली रेगननं काढलेली चित्रं घ्या. १५ जून १९३८ ला 'ट्वेंटिएथ सेंच्युरी लिमिटेड' ही न्यूयॉर्क ते शिकागो गाडी नव्या रूपात सुरू झाली. हेन्री ड्रेफस या डिझायनरनं तिच्या इंजिनापासून जेवणाच्या थाळ्यांपर्यंत सगळं एका हातानं घडवलं होतं. रेगनच्या पोस्टरमध्ये ते इंजिन अंगावर आल्यासारखं समोर येतं, आणि आपण खाली, रुळांच्या पातळीवर कुठंतरी उभे असतो. पेनसिल्वेनिया रेलरोडची कॅलेंडरं ग्रिफ टेलर या चित्रकारानं १९२८ ते १९५८ या काळात, मधली चार वर्षं सोडून, सातत्यानं केली. त्यांतही आपण बहुधा बाहेरच असतो. उतारावर, फाट्यावर, रुळांच्या कडेला. गाडी येते आणि जाते.

म्हणजे चित्रातच आपल्याला मागे ठेवलेलं आहे.

हे चुकून झालेलं नाही. 'ट्वेंटिएथ सेंच्युरी' तेव्हा पूर्णपणे पुलमन या कंपनीच्या शयनयानांची गाडी होती आणि नेहमीच्या भाड्यावर जादा भाडं घेत होती. मंदीचे दिवस अजून सरले नव्हते. मासिक उघडणाऱ्या लाखो लोकांपैकी फारच थोडे त्या गाडीत बसणार होते, आणि हे कंपनीलाही ठाऊक होतं. पण मोठ्या गाडीच्या रुबाबावर सगळी कंपनी ओळखली जायची: साध्या डब्यातल्या प्रवाशाला आणि आपला माल कोणत्या कंपनीकडे द्यावा हे ठरवणाऱ्या व्यापाऱ्यालासुद्धा तो रुबाब दिसायला हवा होता. तेव्हा चित्रकाराला काम असं मिळालं होतं की जो बसणार नाही, त्यालाही ओढ लागली पाहिजे. म्हणून त्याला कडेला उभं केलं. तुम्हाला वाटतं की आपण उशिरा जन्मलो म्हणून आपली गाडी चुकली. १९३८ चा वाचकही तिथंच उभा होता, आणि त्याच्या समोरून ती गाडी रोज संध्याकाळी खरोखर जात होती.

महायुद्ध संपल्यावर मात्र जागा बदलते, आणि हा बदल मला सगळ्यात जास्त बोलका वाटतो. १९४५ मध्ये बर्लिंग्टन रेल्वे कंपनीनं छतावर काचेचा घुमट असलेला डबा आणला. त्याचं नाव 'व्हिस्टा-डोम'. १९४९ मध्ये शिकागोहून सॅन फ्रान्सिस्कोकडे जाणारी 'कॅलिफोर्निया झेफर' सुरू झाली. तिचं वेळापत्रकच असं आखलं होतं की रॉकी पर्वत आणि फेदर नदीची दरी दिवसाउजेडी पार व्हावी. या काळातली पानं पाहा. आता आपण आत असतो. समोर काच, काचेपलीकडे कडे आणि पाइनची झाडं, बाजूला बाप बोट दाखवतोय, पोरगं नाक काचेला लावून बसलंय. इंजिन दिसतही नाही. आधी ज्या गाडीकडे आपण बाहेरून बघायचो, तिच्यात आता आग्रहानं बोलावून बसवलं जातंय.

आग्रह का करावा लागला? प्रवासी निघून चालले होते. युद्धात पेट्रोल आणि टायर यांच्यावर रेशन होतं, सैन्याची ने-आण होती, म्हणून १९४४ मध्ये अमेरिकेतली रेल्वेची प्रवासी वाहतूक इतकी वाढली की पुन्हा कधीच तेवढी झाली नाही. पुढे ती उतरत गेली. कंपन्यांनी युद्धानंतर हजारो नवे डबे मागवले, त्यावर अफाट पैसा घातला, आणि ते डबे कारखान्यातून येईपर्यंत लोक मोटारी घेऊन मोकळे झाले होते. विमानं तर होतीच. १९३८ च्या नव्या 'सेंच्युरी'ला शिकागो गाठायला १६ तास लागायचे, आणि त्या काळी तो अभिमानाचा आकडा होता. विमानाशी तुलना करायची तर तो आकडा लपवण्याजोगा होता.

ही अडचण मी माझ्या धंद्यात अनेकदा अनुभवली आहे. आपला माल ज्या मोजमापात हरतो ते मोजमाप सोडून दुसरं शोधावं लागतं. रेल्वेच्या जाहिराती लिहिणाऱ्यांनी ते फार सुंदर शोधलं. विमान कंपनी वाचलेले तास विकत होती, म्हणून रेल्वेनं ते तासच विकायला काढले. त्या तासांत काय काय होतं याची तपशीलवार यादीच: ताठ इस्त्रीची चादर, दिवा मालवल्यावर खिडकीतून सरकणारं अनोळखी गावाचं स्टेशन, सकाळची कॉफी, कपातली किंचित हलणारी पातळी. ही पानं वाचताना एक गोष्ट लक्षात घ्या. त्यात कुणी घाईत नसतो आणि घड्याळाकडे बघणारा माणूस शोधून सापडत नाही. आज तुम्हाला जे हरवल्यासारखं वाटतं, त्यात लोखंडाच्या गाडीचा भाग थोडा आहे. मुख्य भाग आहे कुठेच पोचायचं नसलेल्या त्या वेळाचा, आणि तो वेळ म्हणजेच त्यांच्या दुकानातला माल होता.

आता थोडं छपाईचं, कारण हुरहुरीचा बराच भाग शाईत आहे.

या पानांवर संध्याकाळ फार असते. निळसर अंधार पडलेला, आकाशात शेवटचा उजेड, आणि गाडीच्या खिडक्यांची पिवळी रांग. यामागे भावना आहेच, पण चाररंगी छपाईचं गणितही आहे. चार शायांपैकी पिवळी सगळ्यात फिकी. पांढऱ्या दुपारच्या चित्रात ती हरवून जाते. तीच पिवळी निळ्या-जांभळ्या पार्श्वभूमीवर, भोवती काहीच हलकं न ठेवता छापली, की कागदातून दिवा लागल्यासारखी दिसते. कागदाचा पांढरा हा छपाईतला सगळ्यात तेजस्वी रंग. त्यावर नुसता पिवळा, आणि आजूबाजूला गडद निळा. याहून मोठा उजेड चार शायांत निघत नाही. मी प्लेटा करायचो तेव्हा आमच्याकडचे जुने कारागीर सांगायचे की रात्रीच्या चित्रात खिडकीत काळ्याचा एकही ठिपका जाऊ देऊ नका. भिंग लावून या पानांतल्या खिडक्या पाहा, त्यांनीही तेच केलंय.

रेगननं पुढे फिलाडेल्फियाच्या बड कंपनीसाठी, म्हणजे स्टेनलेस स्टीलचे चकचकीत डबे बनवणाऱ्या कारखान्यासाठी, जी चित्रं केली त्यांत हा खेळ आणखी पुढे गेला. त्याचे फुगलेले, सोनेरी कडांचे ढग आकाशात असतातच, शिवाय डब्याच्या पन्हाळीदार पत्र्यावर सगळं आकाश उतरलेलं असतं. गाडी रंगवताना त्यानं बहुतेक जागी आकाशच रंगवलंय.

आणि एक भाग काळाचा. मासिकांचा कागद लाकडाच्या लगद्याचा. त्यातलं लिग्निन उजेड आणि हवा लागली की पिवळं-तपकिरी होत जातं, कडेकडून आत. सत्तर-ऐंशी वर्षांत पांढरा साईसारखा होतो आणि अख्ख्या पानावर ऊन पडल्यासारखं दिसतं. चित्रकारानं घातलेल्या संध्याकाळीवर कागदानं स्वतःची संध्याकाळ चढवलेली असते. लोक संगणकावर हा पिवळेपणा धुऊन काढतात आणि मग म्हणतात, मजा गेली. जाणारच.

पात्रांबद्दल थोडं सांगतो, कारण तुमच्या यादीत दोन दिसली.

लॅकवॉना रेल्वेची फीबी स्नो ही या शतकाच्या नव्हे, मागच्या शतकाच्या अगदी सुरुवातीची. ही कंपनी इंजिनात अँथ्रासाइट, म्हणजे कमी धुराचा कडक कोळसा जाळायची. धूर नाही, काजळी नाही, हे सांगायचं कसं? त्यांनी एक पांढऱ्याशुभ्र झग्यातली तरुणी गाडीत बसवली आणि चार-चार ओळींच्या ठेक्यात तिला बोलती केली: बफेलोला निघाले, सकाळपासून रात्रीपर्यंत झगा पांढराच. गाडीतून उतरल्यावर नाकाला आणि कॉलरला काळं लागणं हे त्या काळच्या प्रवाशाला इतकं पाठ होतं की फक्त पांढरं कापड दाखवून काम झालं. पहिल्या महायुद्धात तो कोळसा युद्धासाठी लागला, रेल्वेला मिळेना, आणि फीबीला निरोप द्यावा लागला. १९४९ मध्ये कंपनीनं आपल्या नव्या गाडीला तिचं नाव दिलं. तोवर गाड्या डिझेलवर आल्या होत्या, काजळीचा प्रश्नच उरला नव्हता. म्हणजे १९४९ ची ती गाडी ही स्वतः रेल्वे कंपनीचंच स्मरणरंजन होतं. आपल्याला वाटतं, मागे वळून पाहण्याचा उद्योग आपण सुरू केला. त्यांनी तो आपल्या कितीतरी आधी सुरू केला होता.

दुसरं चेसी, चेसापीक अँड ओहायो रेल्वेचं मांजरीचं पिल्लू. व्हिएन्नाच्या गुइडो ग्रुनवाल्ड या कलाकाराचं ते एचिंग, म्हणजे धातूच्या पत्र्यावर कोरून छापलेलं चित्र. पांघरुणातून एक पंजा बाहेर काढून झोपलेलं. कंपनीनं वापराचा हक्क अवघ्या ५ डॉलरला घेतला आणि सप्टेंबर १९३३ च्या 'फॉर्च्युन'मध्ये पहिली जाहिरात दिली. आमच्या वातानुकूलित गाडीत या पिलासारखे झोपा, एवढाच मतलब. ना इंजिन, ना वेग. लोकांनी चित्राच्या प्रती मागायला सुरुवात केली, कॅलेंडर निघालं, पुढे तिला पीक नावाचा जोडीदार मिळाला, युद्धात तो जाहिरातींमधून आघाडीवर गेला. १९७० च्या दशकात कंपन्यांच्या समूहालाच 'चेसी सिस्टिम' नाव पडलं आणि त्या पिलाची आकृती मालगाडीच्या डब्यांवर आली. मला या जाहिरातीचं मोल वाटतं ते तिच्या शांतपणामुळे. गाडीची जाहिरात, आणि त्यात एकही गोष्ट हलत नाही.

पण मला एकच पान ठेवायचं झालं तर मी या दोघींपैकी कुणालाच ठेवणार नाही. मी ठेवीन न्यू हेवन रेल्वेची नोव्हेंबर १९४२ ची जाहिरात, 'द किड इन अप्पर फोर'. वरच्या चार नंबरच्या बर्थवरचा पोरगा.

त्या वेळची स्थिती अशी: गाड्या सैनिकांनी भरलेल्या, नेहमीच्या प्रवाशांना जागा नाही, डायनिंग कारबाहेर रांगा, आणि तक्रारींचा पाऊस. नेल्सन मेटकाफ ज्युनिअर या तरुण कॉपीरायटरकडे काम आलं की काहीतरी लिहा. अशा वेळी सरधोपट मजकूर असतो 'गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत'. त्यानं दिलगिरी व्यक्तच केली नाही. त्यानं रात्रीचे ३ वाजून ४२ मिनिटं झालेत असं सांगून सुरुवात केली आणि वाचकाला सैनिकांच्या गाडीत नेऊन उभं केलं. खालच्या प्रत्येक बर्थवर दोघे, वरच्यावर एक. सगळे झोपलेत, वरच्या चार नंबरचा जागा आहे, अंधारात कान देऊन. चित्र एड जॉर्जीचं: खाली दोन जवान गाढ झोपलेले, वर एक पोरगा वर टक लावून पडलेला.

मग तो काय काय मागे सोडून चाललाय त्याची यादी येते. आणि इथं माझ्यासारख्यानं वही उघडून बसावं. त्यात देश, स्वातंत्र्य असल्या मोठ्या शब्दांनी सुरुवात नाही. हॅम्बर्गर आणि सोड्याची चव आहे, सहा पदरी रस्त्यावर मोटार चालवण्याची मजा आहे, आणि एक कुत्रा आहे. त्या कुत्र्याचं नाव एक न देता तीन दिलेत: शक्स, किंवा स्पॉट, किंवा बार्नॅकल बिल. त्या 'किंवा'मध्ये सगळी कारागिरी आहे. एकच नाव दिलं असतं तर तो एका घरचा पोरगा झाला असता. 'किंवा'मुळे तो वाचकाच्या गल्लीतला कुणीही होतो, आणि तरी धूसर होत नाही, कारण तिन्ही नावं खऱ्या कुत्र्यांसारखी आहेत. पुढे त्याच्या घशात आवंढा येतो, डोळ्यात कदाचित पाणी, आणि लिहिणारा त्याला सांगतो की असू दे, अंधार आहे, कुणाला दिसणार नाही. कंपनीचं म्हणणं अगदी शेवटी येतं: तुम्हाला उभं राहावं लागलं तर ते त्याला बसायला मिळावं म्हणून, तुम्हाला बर्थ नसेल तर तो त्याला झोपता यावं म्हणून.

तक्रार करायला कुणाला तोंड राहिलं नाही. ती एका प्रादेशिक रेल्वेची जाहिरात होती, पण देशभरच्या वृत्तपत्रांनी आणि मासिकांनी उचलून छापली, युद्धरोखे विकायला आणि रेडक्रॉसच्या मदतीसाठी वापरली गेली. मी ती नवख्या लेखकांना वाचून दाखवतो तेव्हा अजूनही खोलीत शांतता पसरते. त्यांच्यापैकी कुणीही तसली गाडी पाहिलेली नसते. तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला तिथं दर वेळी मिळतं: आठवण लागत नाही, नेमका तपशील लागतो. तपशील पुरेसा नेमका असेल तर वाचक स्वतःची आठवण त्यात आणून ठेवतो.

तेव्हा हातचलाखी की खरी भावना, या दोहोंत मी निवड करणार नाही. कुशलतेनं जागी केलेली भावना खोटी नसते. मात्र चित्राच्या चौकटीबाहेर काय ठेवलं गेलं, हे जमवणाऱ्याला माहीत असलंच पाहिजे. नाहीतर आपण त्या जाहिरातीचं काम ऐंशी वर्षांनंतर फुकट करत राहतो.

डायनिंग कारचं पान घ्या. पांढरा टेबलक्लॉथ, चांदीचा चहापात्र-संच, एक फूल, आणि सेवेला पांढऱ्या कोटातला कृष्णवर्णीय वेटर, हसरा. त्याला मजकुरात नाव नसतं. पुलमनच्या पोर्टरांना, म्हणजे शयनयानातल्या सेवकांना तर, खरं नाव काहीही असो, प्रवासी सर्रास 'जॉर्ज' म्हणायचे. कंपनीचे संस्थापक जॉर्ज पुलमन यांच्यावरून. या पोर्टरांनी १९२५ मध्ये ए. फिलिप रँडॉल्फ यांच्या नेतृत्वाखाली संघटना बांधली आणि कंपनीकडून पहिला करार मिळवायला त्यांना १९३७ उजाडलं. आता तारखा शेजारी ठेवून पाहा. मे १९४२ मध्ये, म्हणजे 'अप्पर फोर' छापून येण्याच्या सहा महिने आधी, एल्मर हेंडरसन हे कृष्णवर्णीय सरकारी अधिकारी कामानिमित्त वॉशिंग्टनहून सदर्न रेल्वेनं दक्षिणेकडे निघाले होते. डायनिंग कारमध्ये कृष्णवर्णीयांसाठी मुदपाकखान्याजवळची दोन टेबलं, मध्ये पडदा. आणि तीही गोऱ्या प्रवाशांनी घेतलेली. एक खुर्ची रिकामी असूनही त्यांना परत पाठवलं. बोलावतो म्हणाले, ते बोलावणं आलंच नाही, आणि रात्री तो डबा गाडीपासून तोडला गेला. ते उपाशीच राहिले. त्यांनी दावा लावला आणि जून १९५० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्यांच्या बाजूनं निकाल दिला. तो पडदा कोणत्याही जाहिरातीत नाही. पण १९४० च्या दशकातलं डायनिंग कारचं पान पाहताना मला तो दिसतो, आणि तो दिसावा असं मला वाटतं.

ग्रेट नॉर्दर्न रेल्वेच्या कॅलेंडरांचंही तसंच. विनोल्ड राइस या जर्मनीत जन्मलेल्या चित्रकारानं ब्लॅकफीट या मूळ अमेरिकन जमातीच्या लोकांची जी व्यक्तिचित्रं केली, ती कंपनीनं १९२८ पासून तीस वर्षं कॅलेंडरांवर छापली. ती चित्रं उत्तम आहेत. प्रत्येक चेहरा वेगळ्या माणसाचा आहे, आणि त्या काळच्या जाहिरातकलेत हे फार दुर्मीळ. पण कंपनी ज्या ग्लेशियर नॅशनल पार्कचं आमंत्रण देत होती, त्याचा पूर्वेकडचा भाग म्हणजे ब्लॅकफीटांनी १८९५ मध्ये हलाखीत सरकारला दिलेली जमीन. ज्यांची जमीन गेली त्यांचेच चेहरे तिकडे येण्याचं निमंत्रण झाले. सांता फे रेल्वेनं नैऋत्येकडच्या जमातींचा असाच वापर केला, तिथं तर गाड्यांची नावंही 'चीफ' आणि 'सुपर चीफ'.

हे कळल्यावर माझ्या भिंतीवरचं कॅलेंडर मी उतरवलं नाही. त्याकडे अधिक वेळ पाहतो, एवढंच.

आता ओळखण्याचं आणि जपण्याचं. दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या आणि आधी चित्र सोडून अक्षरं पाहा. त्या काळची बरीचशी मोठी मासिकं लेटरप्रेसवर, म्हणजे उठावाच्या अक्षरांना शाई लावून कागदावर दाबून, छापली जायची. तिथं काळं अक्षर भरीव असतं आणि दाबामुळे शाई कडेला सरकून अक्षराभोवती किंचित गडद रेघ दिसते. पान तिरप्या उजेडात धरलं तर कधी कधी मागच्या बाजूला अक्षरांचा उठावही जाणवतो. नक्कल ही छापील पानाचा फोटो काढून पुन्हा छापलेली असते, म्हणून तिच्यात अक्षरंही ठिपक्यांची बनलेली दिसतात आणि चित्रात जुन्या ठिपक्यांवर नवे ठिपके बसून जाळीसारखी नक्षी उमटते. इंकजेटची नक्कल असेल तर ठिपके फवारल्यासारखे विखुरलेले, रांगच नाही. दुसरी खूण अतिनील दिवा. कागद उजळ दिसावा म्हणून घालायची रसायनं साधारण १९५० नंतर रुळली; १९३८ चं म्हणून दिलेलं पान त्या दिव्याखाली निळसर चमकलं तर विकत घेऊ नका. मोठी पोस्टरं वेगळी. त्यातली अनेक लिथोची, म्हणजे शिळाछापाची, त्यांत ठिपक्यांऐवजी खडूच्या दाण्यासारखा पोत असतो किंवा सपाट रंग.

सगळ्यात सोपी खूण म्हणजे पान उलटून पाहणं. मासिकाच्या पानाला मागची बाजू असते. मागे कोरं असेल तर ते मासिकाचं पान नव्हे.

जपताना लॅमिनेशन करू नका, चिकटपट्टी लावू नका, ज्यात उष्णतेनं कागद बोर्डावर चिकटवतात तसलं माउंटिंग करू नका. यातलं काहीही परत काढता येत नाही. पीव्हीसीचं प्लास्टिक टाळा. पॉलिएस्टरचं पाकीट, मागे आम्लरहित बोर्ड, आडवं आणि अंधारात. भिंतीवर लावायचं तर अतिनील अडवणारी काच, आणि काच व कागद यांच्यात माउंटची फट. उन्हाची भीती खरी आहे. छपाईच्या शायांत निळा आणि काळा टिकतात, लाल आणि पिवळा आधी उडतात. मी एकदा एक अप्रतिम संध्याकाळचं पान दोन वर्षं खिडकीसमोरच्या भिंतीवर ठेवलं होतं. आकाश जसंच्या तसं राहिलं, आणि गाडीच्या खिडक्यांतले दिवे एकेक करून विझले. ती चूक मला अजून टोचते.

फ्रेम करू की नको, असंही तुम्ही शेवटी विचारलंय. डोम कारचं जे पान माझ्याकडे सगळ्यात जुनं आहे, ते मी फ्रेम केलेलं नाही. त्याच्या मागे मोटारीच्या टायरची जाहिरात आहे: मोकळा रस्ता, चौघांचं कुटुंब, टपावर सामान. दोन्ही बाजूंचे छापे एकाच वर्षातले, एकाच कागदावरचे. पान उजेडासमोर धरलं की काचेच्या घुमटातून दिसणाऱ्या डोंगरावर तो रस्ता हलकेच उमटतो. म्हणून ते मी सुटंच, पाकिटात ठेवलंय, दोन्ही बाजूंनी बघता यावं म्हणून.